भूकंपाचा विमा: शक्यता लहान, घर एकच

सोसायटीच्या वार्षिक सभेत इमारतीच्या विम्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "पुण्यात कुठे भूकंप होतोय?" गेल्या खेपेला हे ऐकून लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे एक काका नुसते हसले.

त्यांचं हसू मला कळलं. २९ सप्टेंबर १९९३च्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेल्या, त्याच औसा तालुक्यातल्या किल्लारीकरांनाही असंच वाटत असणार. तेव्हाचा भूकंपप्रवणतेचा नकाशाही त्यांच्याच बाजूने होता. त्यात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होती. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वरच्या जड माळवदासकट, झोपलेल्या माणसांवर आल्या. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला. विभाग १ रद्दच झाला आणि किल्लारी विभाग ३ मध्ये गेली. त्या नकाशात पुणे आणि मुंबईही विभाग ३ मध्येच, तर १९६७चा धक्का सोसलेलं कोयना विभाग ४ मध्ये.

आता आकड्याकडे येऊ. अभियंते '४७५ वर्षांतून एकदा येणारा हादरा' असं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, आपल्या हयातीत नाही. पण याचा अर्थ एवढाच की दरवर्षी शक्यता ४७५ मध्ये एक. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती साधारण ४ टक्के होते, पन्नास वर्षांत १० टक्के. अर्थात हादरा बसणं आणि घर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी.

कारण जमीन हलते ती सगळ्यांची, पण पडतात ठरावीक घरं. २६ जानेवारी २००१ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं, तरी दोनशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. मऊ गाळाच्या जमिनीत लाटा वाढतात, हे एक कारण. दुसरं आपल्या ओळखीचं: खाली फक्त खांबांवर उभं पार्किंग, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग ताठ, तळमजला लवचीक. मग सगळं वाकणं त्या खांबांच्या वाट्याला येतं. त्यामुळे विम्याच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं असं माझं मत. पॉलिसीचा कागद खांब धरून ठेवत नाही.

विमा घ्यायचाच तर आपल्याकडे एक सोय आहे. कॅलिफोर्नियात घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरत नाहीत. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात कंपन्यांचे हात पोळले, आणि शेवटी त्या राज्याला त्यासाठी वेगळी संस्था उभारावी लागली. एका गल्लीत चोरी झाली तर एकाचंच घर जातं. भूकंपात सगळे दावे एकाच दिवशी येतात, हे विमा कंपनीचं खरं दुखणं. भारतात मात्र १ एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आग-पुराबरोबर भूकंपही मूळ संरक्षणातच आहे. त्याआधीच्या आगीच्या पॉलिसीत तो वरचे पैसे भरून जोडून घ्यावा लागे. आणि कर्ज घेताना गळ्यात पडलेला विमा बहुधा कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नव्हे. फाइल उघडून बघा.

लोक अडखळतात ते रकमेपाशी. "माझा फ्लॅट ऐंशी लाखांचा, हप्ता केवढा येईल!" पण विमा बांधकामाचा असतो, बाजारभावाचा नाही. ऐंशी लाखांत जागेचा भाव, परिसर, बिल्डरचा नफा सगळं आलं. जमीन काही कोसळत नाही. सातशे चौरस फूट चटई क्षेत्र आणि बांधकामाचा खर्च, उदाहरणादाखल, फुटाला अडीच हजार धरला तर विम्याची रक्कम होते साडेसतरा लाख. हप्ता त्यावर. घरातल्या सामानाचं संरक्षण या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आपोआप येतं, कमाल दहा लाख.

फ्लॅटवाल्यांची एक गोची आहे. चौथा मजला एकट्याने पुन्हा बांधता येत नाही. शेजाऱ्यांचा विमा नसेल तर तुमची भरपाई हातात असूनही इमारत उभी राहणं अवघड. म्हणून अख्ख्या इमारतीचा विमा सोसायटीने एकत्र काढावा आणि त्यात 'भूकंप' हा शब्द लेखी आहे का ते पाहावं.

सरासरीच्या हिशेबाने विमा तोट्याचाच. कंपनी आपला खर्च आणि नफा हप्त्यात धरते. पण सरासरी लाखो घरांची असते, आपलं घर एकच. ज्याची गावाकडे शेती, दुसरा वाडा, भरपूर ठेवी आहेत, त्याने हा हप्ता वाचवला तरी चालेल. ज्याची आयुष्याची पुंजी एकाच फ्लॅटमध्ये आणि वर पंधरा वर्षांचं कर्ज बाकी, त्याचं गणित निराळं. वीस वर्षांत हादरा बसण्याची शक्यता दोघांना सारखीच ४ टक्के. काकांनी सभेत विम्याच्या बाजूने हात वर केला तो या दुसऱ्या रांगेतून.