परिदंत विकार व गर्भवाढ

परिदंत विकार व गर्भवाढ : दातांना आधार देणाऱ्या ऊतकांच्या व हाडाच्या जुनाट जंतुजन्य दाहाचा (रूढ नाव पायरिया) वार (गर्भाला पोसणारा अवयव) आणि गर्भाची वाढ यांच्याशी असलेला संभाव्य संबंध. गरोदरपणी संप्रेरकांमुळे हिरड्या सुजून रक्त येते, ते बाळंतपणानंतर बहुधा ओसरते. प्रस्तुत नोंद त्यापुढच्या, हाड झिजवणाऱ्या विकाराबद्दल आहे.

१९९६ मध्ये अमेरिकी संशोधक ऑफेनबाखर व सहकाऱ्यांनी १२४ स्त्रियांच्या अभ्यासात या विकाराचा अकाली व कमी वजनाच्या (२,५०० ग्रॅमपेक्षा कमी) जन्मांशी ठळक संबंध दाखविला. कारणाविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार तोंडातील जंतू रक्तावाटे वारेत पोहोचतात. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हे तोंडातील जंतू गाभण उंदरांच्या रक्तात सोडल्यावर ते वारेत वाढले व पिले मेली (२००४). २०१० मध्ये एका मृतजात अर्भकात आढळलेला हाच जंतू मातेच्या तोंडातील जंतूशी जुळला. वारेत मुखातल्यासारखे जंतू कायम वसतात, हा २०१४ मधील दावा मात्र २०१९ च्या मोठ्या तपासणीनंतर फारसा टिकला नाही. बरेचसे जंतुअंश नमुने हाताळताना मिसळलेले निघाले. दुसऱ्या मतानुसार हिरड्यांतील दाहकारक द्रव्ये रक्तात उतरून वारेचा रक्तपुरवठा बिघडवतात. गर्भाशयातील सर्पिल रोहिण्या (वारेला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी रक्तवाहिन्या) गरोदरपणात रुंदावल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी मिळते व गर्भ खुरटतो. जंतू वारेत न सापडलेल्या गरोदरपणांचा उलगडा या मताने अधिक सहज होतो.

गरोदरपणी हिरड्यांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. चिलीतील चाचणीत (२००२) लाभ दिसला. अमेरिकेतील ८२३ स्त्रियांच्या चाचणीत (२००६) हिरड्या सुधारल्या, अकाली जन्म मात्र घटले नाहीत. सर्पिल रोहिण्या रुंदावण्याचे बदल साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत बहुतांशी उरकतात. त्यामुळे उपचार उशिरा पडले असावेत, असा एक खुलासा केला जातो. गरोदरपणात दात साफ करून घेणे सुरक्षित असल्याचे याच अमेरिकी चाचणीतून दिसले.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) हा संबंध तपासताना इतर कारणे वेगळी काढावी लागतात. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. रक्तक्षय व कुपोषणानेही जन्मवजन घटते. ग्रामीण स्त्रिया दातांना लावतात ती मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती हिरड्यांना अपायकारक असते आणि तिच्यातील निकोटीन वारेतून गर्भापर्यंत जाते. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या पाहणीत (२००४) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले. त्या पाहणीत मिशरीचाच वापर सर्वाधिक होता. म्हणून मिशरी लावणाऱ्या गर्भवतीच्या बाळाचे वजन कमी भरले, तर त्याचा दोष केवळ हिरड्यांच्या विकाराला देता येत नाही. प्रसूतिपूर्व तपासणीत वजन व हिमोग्लोबिन यांच्याबरोबर मिशरीची सवय आणि हिरड्यांतून येणारे रक्त यांचीही विचारपूस व्हावयास हवी.