विश्वासात वाढवणं (खानदेशातल्या मंडळ्यांमध्ये)

विश्वासात वाढवणं म्हणजे आधीच ख्रिस्ती असलेल्या माणसाला प्रार्थनेत, वचनात (म्हणजे बायबलच्या शिकवणीत) आणि रोजच्या वागण्यात पक्कं व्हायला दुसऱ्या साध्या ख्रिस्ती माणसानं केलेली मदत. पाळकाचं किंवा फादरचं काम वेगळं, हे बिनपगारी लोकांचं काम, आणि खरं सांगायचं तर रविवारच्या उपासनेपेक्षा बाकीच्या सहा दिवसांतच जास्त काही घडतं. धर्मांतराशी याची गल्लत करू नये, तो विषयच वेगळा.

आधार बायबलचाच. मत्तयच्या 28व्या अध्यायात येशू शिष्य करायला आणि शिकवायला सांगतो, हे वचन सगळ्यांना पाठ असतं, पण बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातलं 18:26 मला जास्त बोलकं वाटतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तंबू बनवणारे नवराबायको, आणि त्यांनी अपुल्लोससारख्या पट्टीच्या वक्त्याला भर सभेत न टोकता आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग नीट समजावला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात आधी होता असं प्रेषित पौल लिहितो, म्हणजे सुरुवात घरातूनच. पुढे 1520 मध्ये प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनं बाप्तिस्मा झालेले सगळेच याजक (पुरोहित) असं मांडलं, आणि कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये सामान्य लोकांच्या सेवेवर वेगळा दस्तऐवज काढला.

खानदेशात प्रोटेस्टंट मंडळ्या (म्हणजे चर्चचे समूह) जास्त करून नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात, नवापूर, साक्रीकडे. अलायन्स मिशन या परदेशी मिशनरी संस्थेच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे काम केलं, चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल त्याच काळातलं. कॅथलिक मंडळी 1987 पासून नाशिक धर्मप्रांतात येतात.

इथली खरी अडचण भाषेची. बायबल वाचायचं मराठीत, घरात बोलायचं मावची, भिली, इथल्या आदिवासींची कोकणी (गोव्याकडची नव्हे) नाहीतर अहिराणी. त्यामुळे संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत शाळेत जाणारी एखादी पोरगी चार ओळी वाचते, मग कुणीतरी मावशी तेच आपल्या बोलीत सांगते, शेतातलं नाहीतर घरातलं उदाहरण जोडून, आणि मग ज्यांना वाचता येत नाही ते म्हातारे एकेक ओळ परत म्हणून पाठ करतात. मावशीनं कुठलं बायबल कॉलेज केलेलं नसतं. पण भाषण ऐकून जे डोक्यावरून जातं ते इथे बसतं, आणि शंका विचारायला पण लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडेच, मग चर्च कुठलं आणि पाळक कुठला. टोळीतला एखादा भाऊ तोड संपल्यावर खोपीसमोर गाणं धरतो, मोबाईलवर वचन लावतो, आजारी माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करतो, एवढंच. सगळे थकलेले असतात म्हणून वीस मिनिटांच्या वर ताणू नये, लांबण लावणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी कुणी फिरकत नाही. गावी राहिलेल्यांनी फोन करत राहायचं, परतल्यावर रविवारी सोबत घेऊन जायचं, आणि इतके महिने कुठे होतास म्हणून टोमणा मारायचा नाही.

दुःखात असलेल्या घरी काय बोलावं हा प्रश्न तर नेहमीचाच. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. मयताच्या घरी चुलीला लाकडं आणून देणारा, पोरांना जेवू घालणारा ही पण शिकवणच देतो.

आजारपणात मात्र सांभाळून राहावं लागतं. या भागात आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि विश्वास असेल तर गोळ्या कशाला असं सांगणारे उत्साही ब्रदर पण भेटतात, हे चुकीचं आणि धोक्याचं आहे. प्रार्थना करा आणि तालुक्याच्या दवाखान्यात सोबत पण जा. तसंच कुणाच्या घरातलं गुपित प्रार्थनेचा विषय म्हणून सगळ्यांसमोर मांडायचं नाही, असं एकदा झालं की तो माणूस परत तोंड उघडत नाही, आणि मंडळीतली निम्मी भांडणं इथूनच निघतात.