ओसाड गॅस स्टेशन, बंद कारखाना: अमेरिकेतलं ब्राउनफिल्ड अनुदान कोणाला मिळतं, अर्ज कसा करायचा

न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन अशा जुन्या कारखानदारीच्या राज्यांत राहणाऱ्यांना हे दृश्य पाठ असतं. गावाच्या मुख्य रस्त्यावर वर्षानुवर्षं बंद पडलेलं गॅस स्टेशन, भोवती तारेचं कुंपण, आत गुडघाभर गवत. जागा मोक्याची, पण घ्यायला कोणी पुढे येत नाही. जमिनीखालच्या टाक्या गळल्या आहेत का, हे कोणाला माहीत नसतं आणि शोधून काढायला गेलं तर खर्च आपल्या गळ्यात पडेल अशी धास्ती असते. तेवढ्या धास्तीनं शेजारच्या दोन दुकानांचा धंदाही बसतो.

अशा जागेला तिथल्या कायद्यात ब्राउनफिल्ड म्हणतात. प्रदूषण सिद्ध झालेलं असण्याची गरज नाही, प्रदूषण असेल या शंकेनं जरी जागेचा पुनर्वापर अडला असेल तरी ती व्याख्येत बसते. जुनी ड्रायक्लीनिंगची दुकानं, चामड्याचे आणि धातूचे कारखाने, अॅस्बेस्टॉस असलेल्या बंद शाळा, रेल्वेची यार्डं, सगळं यात येतं. केंद्रीय पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, अंदाज देशभरात साडेचार लाखांहून जास्त अशा जागांचा आहे.

त्यांच्यासाठी ईपीए अनुदान देते. १९९३ मध्ये ओहायोतल्या कायहोगा काउंटीत पहिला प्रयोग झाला, २००२ च्या कायद्यानं योजनेला पक्का आधार मिळाला, २०१८ च्या दुरुस्तीनं पात्रता रुंदावली आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानं पाच वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर जादा दिले. अमेरिकेतल्या आपल्या लोकांपैकी आता कितीतरी जण टाउनशिपच्या समित्यांवर आहेत, ना-नफा संस्था चालवतात, मंदिराच्या किंवा समाजकेंद्राच्या जागेसाठी वणवण करतात. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

आधी गैरसमज दूर करू. हे पैसे खाजगी मालकाला मिळत नाहीत. दुकानदाराला नाही, बिल्डरला नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या कोणत्याही कंपनीला नाही. अर्ज करू शकतात ते शहर, टाउनशिप, काउंटी, राज्य, मूळ रहिवाशांची आदिवासी राष्ट्रं, लँड बँक (ओसाड जागा ताब्यात घेऊन त्या पुन्हा वापरात आणणारी संस्था), पुनर्विकास प्राधिकरणं आणि करमुक्त ५०१(सी)(३) ना-नफा संस्था. सफाईच्या अनुदानासाठी ना-नफा संस्था आधीपासून चालत होत्या, इतर प्रकारांचं दार त्यांना २०१८ च्या दुरुस्तीनं उघडलं.

दुसरा गैरसमज इमारतीबद्दलचा. या अनुदानातून नवं बांधकाम होत नाही. ते तपासणीसाठी, सफाईच्या आराखड्यासाठी आणि प्रत्यक्ष सफाईसाठी असतं. पाडकामही, प्रदूषणापर्यंत पोचायला पाडणं भाग असेल तेवढंच. वरची इमारत, बाग, वाचनालय यांचा पैसा वेगळा उभारावा लागतो. तो कुठून येणार हे मात्र अर्जात सांगावं लागतं, कारण नुसती साफ करून पुन्हा ओसाड ठेवायच्या जागेला परीक्षक गुण देत नाहीत.

काही जागा मुळातच बाद होतात: सुपरफंडच्या, म्हणजे देशातल्या अतिप्रदूषित जागांच्या, राष्ट्रीय यादीत असलेल्या किंवा यादीसाठी प्रस्तावित, सफाईचा सक्तीचा आदेश निघालेल्या, आणि केंद्र सरकारच्या ताब्यातल्या.

खरेदीखतावर सही करण्याआधी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हा भाग ठेवा. चांगल्या मनाच्या संस्था इथेच अडकतात, आणि एकदा अडकल्या की सुटका फार अवघड असते.

१९८० च्या सुपरफंड कायद्याप्रमाणे प्रदूषित जमिनीची जबाबदारी आजच्या मालकावरही येते, मग घाण दुसऱ्यानंच का केलेली असेना. आणि प्रदूषणाला कायद्यानं जबाबदार ठरणाऱ्याला त्याच जागेसाठी हे अनुदान मिळत नाही. म्हणजे समजा, एखाद्या संस्थेला कोणी दानशूर गृहस्थानं जुन्या कारखान्याची जागा बक्षीस दिली. सगळे खूश, लगेच कागद झाले. वर्षभरानं सफाईच्या अनुदानाचा अर्ज भरायला बसल्यावर पहिला प्रश्न येतो: मालकी घेण्याआधी चौकशी केली होती का? नसेल केली, तर अर्ज तिथेच थांबतो. बक्षीसपत्रानं आलेली जागाही याला अपवाद नाही.

ही चौकशी म्हणजे फेज वन अहवाल. पात्र पर्यावरण तज्ज्ञ जागेची पाहणी करतो, जुने नकाशे, विमा कंपन्यांचे आगीचे नकाशे, शहराच्या नोंदी चाळतो, आधीच्या मालकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलतो. माती खणत नाही. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार पाहतात, तसा हा जमिनीच्या वापराचा फेरफार समजा. मुदत कडक आहे: चौकशी मालकी घेण्याआधीच्या एका वर्षातली हवी, आणि मुलाखती, नोंदींची छाननी, प्रत्यक्ष पाहणी असे मुख्य भाग मालकीच्या तारखेआधीच्या १८० दिवसांतले हवेत. बँकेसाठी तीन वर्षांपूर्वी केलेला अहवाल फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

शिवाय प्रदूषण करणाऱ्याशी तुमचं नातं किंवा व्यावसायिक लागेबांधे नसावेत, आणि जागा घेतल्यावर गळती थांबवणं, लोकांना आत येऊ न देणं अशी वाजवी काळजी घेतल्याचं दाखवता यावं.

स्थानिक सरकारांना थोडी सवलत आहे. कर थकल्यामुळे जागा शहराकडे आली असेल तर बहुधा ही जबाबदारी लागत नाही. सरकारी संस्थेनं ११ जानेवारी २००२ च्या आधी जागा घेतली असेल आणि प्रदूषण तिनं केलेलं नसेल, तरीही अर्जाची वाट मोकळी राहते. म्हणून बऱ्याचदा शहाणपण यात असतं की संस्थेनं घाईनं जागा न घेता शहराला किंवा लँड बँकेला पुढे करावं, आणि सफाई झाल्यावर ती घ्यावी.

कोणतं अनुदान मागायचं

तपासणीचं अनुदान गावभरच्या जागांसाठी मागता येतं आणि त्यासाठी जागा तुमच्या मालकीची असावी लागत नाही, मालकाची आत येऊ देण्याची परवानगी पुरते. फेज वन, माती-पाण्याचे नमुने घेणारी फेज टू आणि सफाईचा आराखडा यात बसतो. म्हणजे खरेदीआधीच्या चौकशीचा खर्चही शहराच्या या अनुदानातून निघू शकतो.

सफाईचं अनुदान एका किंवा अधिक ठरावीक जागांसाठी. इथे अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत जागेची पूर्ण आणि एकट्याची मालकी अर्जदाराकडे हवी, आणि फेज टूचा निदान मसुदा हातात हवा. रक्कम दर फेरीत बदलते. पाच लाख डॉलर ही ओळखीची पायरी आहे, अलीकडच्या फेऱ्यांत मोठ्या सफाईसाठी काही दशलक्षांपर्यंत मागता आलं. मूळ कायद्यात सफाईसाठी २० टक्के स्वतःचा वाटा सांगितला आहे, २०२१ च्या कायद्याच्या पैशांतून चाललेल्या फेऱ्यांत तो माफ होता. त्यामुळे त्या वर्षीची मार्गदर्शिकाच वाचायची, मागच्या वर्षीच्या अर्जावरून नक्कल करायची नाही.

फिरत्या कर्जनिधीचं, म्हणजे सफाईसाठी कर्ज द्यायचं आणि फेडीच्या पैशातून पुन्हा कर्ज द्यायचं, असं तिसरं अनुदानही आहे, पण ते मोठ्या शहरांचं आणि राज्यांचं काम, छोट्या गावानं त्यात पडू नये असं माझं मत.

कागदपत्रं

पहिलं काम सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरची नोंदणी. तिथून संस्थेला यूईआय हा ओळखक्रमांक मिळतो. नोंदणी फुकट आहे, पैसे मागणारे ईमेल आले तर उत्तर देऊ नका. पण ती पूर्ण व्हायला काही आठवडे जाऊ शकतात आणि दरवर्षी तिचं नूतनीकरण लागतं. त्यानंतर ग्रँट्स डॉट गव्ह या अर्ज पाठवायच्या संकेतस्थळावर संस्थेच्या वतीनं अर्ज पाठवण्याचा अधिकार कोणाला, हे नोंदवायचं. ज्याला अधिकार दिला तो सुटीवर आणि शेवटची तारीख उद्या, अशी वेळ येऊ नये म्हणून दोघांना अधिकार द्या.

मग फॉर्म: मुख्य अर्जाचा एसएफ-४२४, खर्चाच्या अंदाजाचा एसएफ-४२४ए, नागरी हक्कांच्या पालनाचा ४७००-४ आणि मुख्य संपर्कांचा ५७००-५४. सोबत राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र, म्हणजे अर्जाची त्यांना कल्पना असल्याची पोच. न्यू जर्सीत हे डीईपी या राज्याच्या पर्यावरण खात्याकडून घ्यायचं. गॅस स्टेशनसारखी पेट्रोलियमची जागा असेल तर वेगळा निर्णयही लागतो, की सफाईचा खर्च करू शकेल असा दुसरा जबाबदार कोणी उरलेला नाही. ना-नफा संस्थेनं करमुक्तीचा पुरावा जोडायचा, आणि मालकी कधी, कोणाकडून, कशी आली ते तारखांसह लिहायचं.

निवेदनाला पानांची मर्यादा असते आणि जादा पानं वाचलीच जात नाहीत. त्यात गावाची गरज आकड्यांनी दाखवा: उत्पन्न, दमा, लहान मुलांच्या रक्तातलं शिसं, रिकाम्या घरांची संख्या. जनगणनेचे आणि काउंटीच्या आरोग्य विभागाचे आकडे याला पुरतात.

सफाईच्या अर्जाला आणखी एक अट आहे. अर्ज पाठवण्याच्या किमान १४ दिवस आधी जाहीर सूचना द्यायची, अर्जाचा मसुदा आणि सफाईच्या पर्यायांची तुलना लोकांना पाहायला ठेवायची, आणि अर्जाआधी सभा घ्यायची. सूचनेची प्रत, हजेरीपट, सभेचं इतिवृत्त, लोकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरं, सगळं अर्जाला जोडायचं. ही सभा उरकून टाकू नका. त्या कारखान्यात काम केलेले म्हातारे लोक अशा सभेला येतात, आणि पिंपं मागच्या अंगणात कुठे पुरली हे कधी कधी तेच सांगतात.

संस्थेकडे काहीच नसेल तर

अर्ज लिहिण्याची ताकद नसलेल्या छोट्या गावांसाठी एक सोपी वाट आहे. ईपीए स्वतःच्या ठेकेदाराकडून ठरावीक जागेची तपासणी करून देते. त्यात रोख रक्कम हातात येत नाही, अहवाल येतो, आणि गावाचा खर्च होत नाही. त्यासाठी आपल्या विभागाच्या कचेरीतल्या ब्राउनफिल्ड अधिकाऱ्याला विचारायचं. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क ही राज्यं विभाग २ मध्ये येतात. काही विद्यापीठांना ईपीएनं गावांना मोफत तांत्रिक सल्ला देण्याचं काम दिलेलं आहे, ते अर्जाचा मसुदाही वाचून देतात. न्यू जर्सीत राज्याचाही असा निधी आहे, धोकादायक गळतीच्या जागांसाठीचा, आणि नगरपालिकांना त्यातून तपासणीसाठी अनुदान मिळतं.

फोन करताना तीन गोष्टी समोर ठेवा: जागेचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक (कराच्या नोंदीतला जमिनीचा क्रमांक), आजचा मालक, आणि तिथे आधी काय चालायचं. कोणत्या अनुदानाकडे वळायचं, हे त्यावरूनच तिथला माणूस सांगू शकेल.