अपोलो ११च्या खिडकीतून दिसलेली ती वस्तू

अपोलो ११ मधून चंद्रमोहिमेवर जाऊन आलेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत येऊन गेले. त्याआधीच, ३१ जुलैला, वाटेत काय काय दिसलं ते तिघांनी नासाला सविस्तर सांगितलं होतं. त्या बोलण्याची टाइप केलेली प्रत आज कुणालाही वाचता येते. तरी २० जुलै, म्हणजे चंद्रावर उतरल्याचा दिवस, जवळ आला की मुंबईतल्या सोसायटीच्या आणि लोकलच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोच: अंतराळवीरांना उडती तबकडी दिसली, नासाने दडपलं.

वस्तू दिसली, हे खरं. रेडिओवर त्यांनी मोजकंच विचारलं: आपल्या रॉकेटचा सोडून दिलेला तिसरा टप्पा कुठे आहे? ह्यूस्टनचं (नासाच्या नियंत्रण केंद्राचं) उत्तर आलं, सुमारे ६,००० सागरी मैलांवर, म्हणजे ११,००० किलोमीटर. एवढ्या लांबून त्याचा आकार कळणं शक्यच नव्हतं. पण त्याच टप्प्यावरून, चांद्रयानाभोवतीच्या आवरणाचे चार पॅनल सुटून यानाच्याच वाटेने चालले होते. गोल फिरताना ऊन पडलं की ते चमकत. सर्वांत पटणारं उत्तर हेच. सेक्स्टंटचा (दिशा ठरवायच्या दुर्बिणीचा) फोकस फिरवला की पोकळ नळकांड्याच्या जागी उघडं पुस्तक दिसायचं, हे कॉलिन्स यांनीच नोंदवलं आहे. आकार भिंगाप्रमाणे बदलत असेल, तर त्या आकारावरून ‘यान’ ठरवता येत नाही.

सुटा तुकडा मागे का पडत नाही? दादरहून स्लो आणि फास्ट लोकल एका वेगाने शेजारून धावल्या की समोरच्या डब्यातला माणूस जागीच उभा वाटतो, तसंच हे. हवाच नसल्याने हलका तुकडाही यानाचा वेग धरून राहतो.

खरी फसगत होते ती अंतराची. पोकळीत धुकं नाही, मागे झाड-इमारत नाही. त्यामुळे दोन मीटरवरचा बर्फाचा कण आणि दोनशे किलोमीटरवरचं मोठं यान डोळ्याला सारखंच दिसू शकतं. फेब्रुवारी १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन यांना यानाभोवती काजव्यांसारखे ठिपके दिसले. त्याच वर्षी मे महिन्यात दुसरे अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी कॅप्सूलच्या भिंतीवर हात आपटला, तर ठिपक्यांचा लोटच उठला. बाहेर साचलेलं हिमच ते! सप्टेंबर १९९१ च्या डिस्कव्हरी यानाच्या गाजलेल्या व्हिडिओत ठिपका अचानक वळतो, पण त्याआधी एक झोत चमकतो. तो यानाच्या छोट्या थ्रस्टरचा, म्हणजे यान वळवणाऱ्या इंजिनाचा. त्याच्या वायूने जवळचा कण ढकलला जातो.

‘गुप्त संभाषणा’ची क्लिप आली तर स्टॉपवॉच लावा. रेडिओलहरीला चंद्रापर्यंत जायला सुमारे १.३ सेकंद लागतात, परतायला तेवढेच. म्हणून पृथ्वीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ह्यूस्टनचा प्रश्न संपल्यापासून चंद्रावरचं उत्तर सुरू होईपर्यंत सुमारे २.६ सेकंद तरी शांतता हवी. उलट बाजूने, अंतराळवीराच्या वाक्याला ह्यूस्टनने लगेच उत्तर दिलेलं चालतं. म्हणून मोजताना प्रश्न ह्यूस्टनचाच निवडा. नुसती शांतता असली म्हणून क्लिप खरी ठरत नाही, ती कापून-जोडूनही घालता येते. पण प्रश्न संपताच चंद्रावरून उत्तर आलं, तर ती क्लिप जोडलेली तरी आहे किंवा बनवलेली.