भिंतीची जाडी गेली अन देवळी गेली

आमच्या वर्ध्याकडच्या गावात सध्या नवीन घर झालं की पीओपीचं सिलिंग, टीव्हीच्या मागं पीव्हीसी पॅनल अन हॉलमध्ये वारलीचं स्टिकर हे ठरलेलंच असते. वारली मलाही आवडते, पण ती डहाणू-पालघरकडची, तिथं लग्नाच्या वेळी बाया तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक नावाचं चित्र लिहितात. मग आपल्या भिंतीवर काय होतं?

जुने लोक जमिनीचे दोनच भाग सांगायचे, काळी अन पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. कपाशीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिची भिंत टिकत नाही, म्हणून घर पांढरीच्या मातीचं, भिंत हात-दीड हात जाड, वर बुलढाणा-अकोल्याकडं मातीचं सपाट छत म्हणजे धाबा अन आमच्याकडं कवेलू म्हणजे कौलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी आत बसवत होतं ते या जाडीमुळं, आणि सजावटही त्या जाडीतूनच निघायची, म्हणजे दिव्याची देवळी, भांड्यांचे कोनाडे, खुंट्या, सगळं भिंतीच्या पोटात. दिवाळीआधी घर पोतायचं, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या कडेची नक्षी पाहून आजी सांगायची, हा हात कोणाचा.

याची एक फार सुंदर खूण जवळच आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, त्याच गावाचं १९४० मध्ये सेवाग्राम झालं. तिथल्या बापू कुटीत गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं अन चरखा उठावात घडवलाय, वेगळं काही लावलेलं नाही, भिंतीचीच माती. मी दरवेळी तिथं जास्त वेळ थांबते.

पुढं चुना आला, त्यात थोडी नीळ घालायचे, मग अर्ध्या भिंतीला हिरवा ऑइल पेंट, देवांची कॅलेंडरं, काचेचं शोकेस अन त्यात लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. हा नंदी मात्र कोणत्याच फॅशननं हलवला नाही.

खरा बदल पक्क्या घरांनी झाला. इंदिरा आवास ही सरकारी घरकुल योजना १९८५ ला सुरू झाली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास, त्यात घर कमीत कमी २५ चौरस मीटर अन सपाट भागात मदत १,२०,००० रुपये. डोक्यावर पक्कं छत आलं, पावसाळ्यात कवेलू फेरायची कटकट गेली, हे मोठंच काम झालं. पण एवढ्या जागेत अन एवढ्या पैशात जाड भिंत कुठून येणार? भिंत पातळ झाली, देवळी-कोनाडे गेले, आता भिंतीवर फक्त चिकटवता येते नाहीतर टांगता येते, आणि मला वाटते स्टिकर-पॅनलचा जोर इथूनच वाढला, नुसता मोबाईल पाहून नाही.

आमचं घर बांधताना मी आबाजींची सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, ठेवली, ती छपरीत टांगली. देवळीही पाहिजे म्हटलं तर मिस्त्री म्हणे, ताई, चार इंचाच्या भिंतीत देवळी कशी बसन? मग पूर्वेची एकच भिंत नऊ इंची घेतली, विटांचा खर्च वाढला, घरच्यांनी कुरकुर केली. माय आता रोज दिवेलागणीला तिथंच पणती ठेवते, वरच्या बाजूला काजळीचा डाग पडलाय अन तो पुसायचा नाही असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय.