पीस की प्लास्टिक? ट्राउटच्या गळावरचं विज्ञान

ट्राउट मासा पकडायला गळाला जिवंत किडाच लावला पाहिजे असं नाही. गळावर दोऱ्याने पिसं, केस, लोकर बांधून किड्याचा आभास केला तरी मासा फसतो. अशा नकली किड्याला ‘फ्लाय’ म्हणतात. मॅसेडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं वापरून असे मासे धरतात, हे रोमन लेखक एलियनने सुमारे 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आता त्याच गळावर नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि फोमही बसतो, आणि नैसर्गिक बरं की कृत्रिम यावर वाद रंगतो. मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. तंतू कुठून आला याचं माशाला काय? तो पाण्यात कसा वागतो ते बघायला हवं.

पाण्यावर तरंगणारी ‘ड्राय फ्लाय’ घ्या. पीस हलकं म्हणून तरंगतं, असा सर्रास समज आहे. पण पीस ज्या केराटिनचं बनतं त्याची घनता पाण्याच्या सुमारे 1.3 पट असते, आणि गळ तर पोलादीच. दोघांना वर धरतात ते पाण्याचा पृष्ठताण आणि तंतूंत अडकलेली हवा. कोंबड्याच्या मानेवरचं ताठ पीस गळाभोवती गुंडाळलं की तंतू चहूबाजूंनी उभे राहतात. त्यांची टोकं टेकतात तिथे पाण्याचा पृष्ठभाग किंचित दबतो, पण फाटत नाही. वर तिरकं पाहणाऱ्या माशाला हा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो आणि त्यावर हे खळगे प्रकाशाचे ठिपके होऊन उमटतात. खऱ्या किड्याचे पायही तसेच ठिपके पाडतात.

बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्याभोवतीच्या मऊ पिसांना ‘सीडीसी’ म्हणतात. ती तेलामुळे तरंगतात असं सांगितलं जातं, पण धुऊन रंगवलेली सीडीसीही तरंगतेच. भिंगाखाली धरा, कारण कळतं: प्रत्येक तंतूला असंख्य बारीक, वळलेल्या उपतंतूंची झालर असते आणि तिच्यात हवा अडकून राहते. म्हणूनच सीडीसीला जेलसारखं तरंगद्रव्य फासू नये. झालर चिकटते, हवा निघून जाते आणि फ्लाय बुडते. कोरडी सिलिका पूड चालते.

हरणाच्या केसाची गंमत वेगळी. त्याच्या आत हवेने भरलेल्या पेशी असतात. दोरा आवळला की केस दबून पंख्यासारखे फुलतात. मग कात्रीने हवा तो आकार द्यायचा.

पॉलिप्रॉपिलीनला एवढा खटाटोप लागत नाही. त्याची घनता पाण्याच्या 0.9 पट आणि ते पाणी जवळजवळ पीतच नाही. फोम तर बुडवायला गेलं तरी वर येतो. कृत्रिम धाग्याची अडचण अशी की तो बहुधा टोकापर्यंत सारख्याच जाडीचा असतो, पिसाचा तंतू मात्र निमुळता होत जातो. त्यावरही तोड निघाली आहे: रंगाच्या ब्रशसाठी बनवलेले निमुळत्या टोकाचे नायलॉनचे केस फ्लायच्या शेपटीला छान लागतात.

पाण्याखाली सगळं उलटतं. तिथे भिजणारा, बुडणारा तंतू हवा. सशाची लव त्यासाठी जुनी आणि भरवशाची. टर्कीची मऊ पिसं, जी ‘मॅराबू’ नावाने विकली जातात, मंद प्रवाहातही श्वास घेतल्यासारखी हलतात. या बाबतीत कृत्रिम धागा अजून मागे आहे. उलट, कोषातून बाहेर पडायला पाण्यातून वर चढणाऱ्या ‘कॅडिस’ नावाच्या किड्याची चमक हवी असेल तर मी ‘अँट्रॉन’च घेईन. या नायलॉनचा छेद तीन पाकळ्यांचा असतो. त्यामुळे प्रकाश चमकतो आणि हवेचे बुडबुडेही धाग्याला धरून राहतात.

मोरपिसाचा हिरवा-तांबूस झळाळ मात्र रंगद्रव्याचा नाही. मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांच्या जाळीवर प्रकाश परावर्तित होऊन तो तयार होतो. रंगवलेल्या धाग्यात तो येत नाही. पण मोरपीस नाजूक, माशाच्या दातांनी लगेच तुटतं, म्हणून वरून बारीक तार गुंडाळतात.

पुरवठ्याचाही प्रश्न असतो. 2011 मध्ये अमेरिकेत केसांत पिसं माळायची फॅशन आली आणि कोंबड्याची लांब, उत्तम पिसं सलूनवाल्यांनी उचलली. मासेमार चरफडत बसले.

एरवी मी मिश्र फ्लाय बांधतो: धड पॉलिप्रॉपिलीनचं, पंख सीडीसीचे. धड पाणी पीत नाही, त्यामुळे मासा सोडल्यावर त्याचा बुळबुळीतपणा धुऊन फक्त पंख टिपून वाळवले की फ्लाय पुन्हा टाकता येते.