प्रेअरीतील गवत आणि आग

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील उंच गवताच्या प्रेअरीत, म्हणजे विस्तीर्ण गवताळ माळरानात, वणवा गवताला संपवत नाही, ते टिकवून धरतो. कॉ आणि ओसेज या तिथल्या मूळ लोकांना हे ठाऊक होते. ते माळ मुद्दाम पेटवत. कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स टेकड्यांवरचे पशुपालक आजही वसंतात तेच करतात. तिथल्या कोन्झा प्रेअरी या सुमारे ३,४८७ हेक्टरांच्या संशोधन क्षेत्रात काही पाणलोट दरवर्षी, तर काही दर दोन, चार किंवा वीस वर्षांनी जाळून दीर्घकाळ नोंदी ठेवल्या गेल्या आहेत.

इथले प्रमुख गवत म्हणजे बिग ब्लूस्टेम. ज्वारी आणि ऊस यांच्याच गणगोतातले हे गवत चांगल्या पावसात दोन मीटरांहून उंच वाढते. त्याचे नवे कोंब ज्या डोळ्यांतून फुटतात, ते जमिनीखालच्या खोडांवर असतात. वाळलेल्या गवतातली आग झरझर पुढे सरकते आणि माती उष्णता सहज आत जाऊ देत नाही. त्यामुळे वर सारे काळेठिक्कर पडले तरी दोन-तीन बोटे खाली डोळे शाबूत राहतात.

राखेच्या खतामुळे गवत फोफावते, हा समज मात्र अपुरा आहे. गवतातला बराचसा नत्र तर धुराबरोबर निघून जातो. खरा लाभ उजेडाचा आणि उबेचा. न जळलेल्या माळावर मागच्या वर्षांच्या वाळक्या गवताचा जाड थर साचतो आणि कोंब त्याच्या सावलीत अडकतात. थर जळाला की ऊन थेट जमिनीवर येते, काळी माती लवकर तापते, फुटवे वाढतात आणि फुलोराही भरघोस येतो. वसंताच्या अखेरीस जाळल्यास थंडीत वाढणाऱ्या गवतांचे कोवळे पाते होरपळते आणि ब्लूस्टेमला मोकळे रान मिळते. दुष्काळात गणित उलटते: आच्छादन गेल्याने ओल उडते आणि उत्पादन घटते.

दरवर्षी जाळणेही सरसकट हिताचे नाही. त्याने उंच गवते माजतात आणि रानफुलांच्या जाती कमी होतात. कोन्झात १९८७ मध्ये आणलेले बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे, ही उणीव बरीच भरून काढतात, कारण ते जळल्यावर फुटलेले कोवळे गवत निवडून खातात आणि फुलझाडांना जागा मिळते.

आग पूर्ण थांबवली, तर रेड सीडार नावाचे जुनिपर हे सूचिपर्णी झाड शिरते. लहान असताना जळाले तर ते पुन्हा फुटत नाही. पण काही दशके वाढू दिले, तर त्याच्या दाट सावलीत गवत मरते आणि आग पुढे न्यायला जमिनीवर काही उरतच नाही.